गोल वाटेवरची चिंबोरी

एका जंगलात कुणीच राहत नव्हतं.

हसू नका. खरंच नव्हतं राहत. झाडं होती, प्रत्येकाच्या गळ्यात नावाची पाटी. दगड होते, आतून पोकळ. त्या दगडांच्या पोटात कर्णे बसवले होते आणि त्यातून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी कोकीळ ओरडायचा. खरा कोकीळ एकदा आला होता. पण तो त्याच्या मनाला येईल तेव्हा ओरडायचा, म्हणून त्याला हाकलून दिलं.

मग प्राणी तिथं करायचे काय? चालायला यायचे. चालायचे आणि घरी जायचे.

सगळं सांगते. पण मधेमधे "पुढं काय, पुढं काय" करायचं नाही. आणि ज्याला मोबाईल बघायचाय त्यानं आत्ताच उठून बाहेर जावं. मी काही कुणाच्या हातापाया पडून गोष्ट सांगणारी बाई नाही.

तर पूर्वी त्या राज्यात डोंगरावर खरं जंगल होतं. ओबडधोबड. काटे, गोचिड्या, साप, सगळं होतं. सिंहमहाराजांना वाटलं, आपली प्रजा अशी उघड्यावर किती दिवस राहणार? त्यांनी जंगल तोडलं आणि तिथं गुहांचे मनोरे बांधले. एकावर एक गुहा, वर जायला लिफ्ट. वाघ अगदी वरच्या मजल्यावर राहायला गेला. हत्तींना तळमजला मिळाला, कारण लिफ्ट त्यांना बघूनच बंद पडायची.

आता डोंगर फोडला म्हटल्यावर दगडमाती निघणार. बांधकामातल्या फुटक्या फरशा, सळया, मोडके नळ उरणार. ते टाकायचं कुठं? खाली खाडी होती. खाडी कुणाची? कुणाचीच नाही. म्हणजे चिंबोऱ्यांची होती, चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या माशांची होती, कोळंबीची होती, बगळ्यांची होती. पण यांना महाराज 'कुणी' असं धरत नव्हते. दिला सगळा भराव खाडीत ढकलून.

नव्या गुहांत प्राणी मजेत राहू लागले. शिकार बंद झाली. गिधाड दारात पार्सल आणून द्यायचं. पार्सलात काय असायचं ते विचारू नका. वाघाला पळावं लागेना म्हणून हरणालाही पळावं लागेना. दोघंही सोफ्यावर. वाघाचे पट्टे ताणून ताणून रुंद झाले. हरणाला दोन पायऱ्या चढून धाप लागू लागली. घुबड डॉक्टर होते, ते येईल त्याला एकच सांगायचे, "रोज सकाळी जंगलात चालत जा."

"कुठल्या जंगलात?" पेशंट विचारायचे.

यावर डॉक्टर डोळे मिटून घ्यायचे. दिवसा त्यांना तसंही दिसत नव्हतं.

मग महाराज अभ्यासदौऱ्यावर माणसांच्या शहरात गेले. तिथली एक बाग बघून आले आणि खाडीच्या भरावावर हुबेहूब तस्संच जंगल उभं केलं. नाव ठेवलं राजवन. लाल रंगाची मऊ वाट, वाटेच्या कडेला बाकडी, बाकड्यांवर 'येथे बसू नये'. फाटकावरही पाटी लावली, माणसांच्या बागेत होती तीच, अक्षर न अक्षर उतरवून आणलेली: 'प्राण्यांना आत येण्यास सक्त मनाई'.

उद्घाटन झालं, फीत कापली, आणि सगळे प्राणी फाटकाबाहेर उभे राहिले. पाटी महाराजांनी स्वतः आणलेली. ती चुकली म्हणणार कोण? हत्ती वाघाकडं बघतो, वाघ अस्वलाकडं बघतो. शेवटी प्रधान कोल्होबांनी तोड काढली. ज्याच्या पायात बूट असेल तो प्राणी नव्हे, तो वॉकर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी राज्यातले सगळे बूट विकले गेले.

आता नागूबायचं सांगते. गोष्ट तिचीच आहे, बाकी सगळे मधे मधे करायला आलेत.

नागूबाय ही चिंबोरी. चिंबोरी म्हणजे खेकडी. पोक्त बाई होती. पाठीचं कवच टणक आणि जीभ कवचाहून टणक. मनोरे आणि राजवन यांच्यामधे चिखलाची एक अरुंद पट्टी उरली होती, तिवराची, म्हणजे खारफुटीची, चार झाडं असलेली. तिथं ती राहायची. डाव्या हाताला मनोऱ्यांची भिंत, उजव्या हाताला ट्रकांचा रस्ता, पाठीमागं गटार. समोर राजवन. आणि राजवनाच्या पलीकडं उरलीसुरली खाडी.

नागूबायच्या पोटाशी अंडी होती. चिंबोरी काही कोंबडीसारखी अंडी टाकून ओरडत सुटत नाही. ती पोटाखालच्या झाकणात अंडी घट्ट धरून हिंडते. अंडी आधी केशरी असतात. मग तपकिरी होतात. मग काळी. काळी झाली की समजायचं, आतली बाळं आता ऐकत नाहीत. त्यांना उधाणाचं खारं, वाहतं पाणी पाहिजे. गटाराच्या पाण्यात सोडली तर जागच्या जागी खलास. नागूबायची आई, आजी, पणजी, सगळ्या याच चिखलातून सरळ खाडीच्या तोंडाशी जायच्या, पोट मोकळं करायच्या आणि परत यायच्या. त्यांना कुणी अडवलं नव्हतं.

एका रविवारी सकाळी नागूबायनं पोटाखाली बघितलं. अंडी काळीभोर. आणि दुपारच्या तोंडावर अवसेचं उधाण यायचं होतं. आज नाही तर कधीच नाही.

राजवनाखालून बीळ काढायचा प्रयत्न तिनं आधीच करून बघितला होता. हातभर खणलं की फरशी. फरशी चुकवली की सळई. सळई चुकवली तर संडासाचं फुटकं भांडं. "यांच्या जंगलाच्या मुळाशी हे हाय होय," म्हणून ती नांग्या झटकत वर आली होती. खालून वाट नाही, म्हणजे वरून जायचं. ती फाटकाकडं निघाली.

फाटकावर वानर होता. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी.

"कुठं निघालात?"

"पलीकडं. खाडीवर."

"पलीकडं जाता येत नाही. आत जाता येतं आणि बाहेर येता येतं."

"मग आत जाते."

वानरानं पाटीकडं बोट केलं. "वाचा."

"मला न्हाय येत. तू वाच."

"प्राण्यांना आत येण्यास सक्त मनाई."

नागूबायनं त्याला शेपटीपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "आनि तू कोन?"

"मी कुठं आत आहे? मी फाटकावर आहे."

तेवढ्यात पांढरे बूट घातलेला वाघ दोघांच्या मधून आत गेला. वानरानं त्याला सलाम ठोकला.

"हा कोन गेला?" नागूबाय म्हणाली.

"ते वॉकर आहेत."

"त्याला शेपूट हाय."

"बूटपण आहेत," वानर म्हणाला. "हे बघा, मला तुमच्याशी वैर नाही. बूट घाला आणि या. पण सगळ्या पायांत पाहिजेत. एखादा पाय उघडा राहिला तर तेवढा भाग प्राणी धरतात."

"मला आठ पाय हायत, मेल्या!"

"त्याला मी काय करू? नियम करताना तुम्ही कुणाच्या डोक्यात नव्हता."

हे मात्र तो खरं बोलला.

नागूबाय तणतणत बिळाकडं परत गेली. भरावात काय नव्हतं? हवं ते होतं, फक्त माती नव्हती. तिनं खणून खणून बाटल्यांची बुचं काढली. निळी, लाल, हिरवी, एक खोकल्याच्या औषधाचं पांढरं. एकेका पायाच्या टोकाला एकेक ठोकून बसवलं. उन्हं चढत होती. टक टक टक टक करत ती पुन्हा फाटकावर हजर.

वानरानं वाकून पाय तपासले. मग त्याची नजर नांग्यांवर गेली. "आणि हे?"

"हे हात हायत. हातात हात देऊ का?" तिनं उजवी नांगी त्याच्या नाकासमोर उघडली.

"या, या," वानर म्हणाला. "आत या. डावीकडून चाला, आणि कुठंही थांबू नका. थांबायला बंदी आहे."

"का?"

"वरून आदेश आहे."

त्या दिवशी रविवारची महाफेरी होती. महाफेरी म्हणजे सगळ्या राज्यानं एकदम चालायला यायचं आणि दुपारपर्यंत चालत राहायचं. लाल वाट नुसती फुलून गेली होती. वाघ पुढं गेला होता, पण पहिलं वळण येताच झाडामागं आडवा झाला होता. त्याच्याकडं पावलं मोजणारं घड्याळ होतं. ते त्यानं शेपटीला बांधलं होतं आणि पडल्या पडल्या शेपूट हलवत होता. हरणीताई फोनवर बोलत चालल्या होत्या. ससे कानात गाण्याची बोंडं घालून चालत होते, त्यामुळं मागून "बाजू, बाजू" ओरडलं तरी सशांना काही ऐकू जात नव्हतं. इतक्या लांब कानांचा असा उपयोग बघून नागूबायला हसू आलं.

आता चिंबोरी कशी चालते माहीत आहे ना? आडवी. तोंड एकीकडं आणि जाणं दुसरीकडं. लोक नावं ठेवतात, पण त्यात मोठी सोय आहे. बरोबरच्याशी बोलायला मान वळवावी लागत नाही. तिच्या तोंडासमोर अस्वलभाऊ चालत होते. घामाघूम झालेले, गळ्यात टॉवेल, जीभ बाहेर.

"ओ अस्वलभाऊ," ती म्हणाली, "ही वाट खाडीवर कुठनं उतरते?"

"उतरत नाही, काकू."

"मग जाते कुठं?"

"फाटकाशी जाते."

"फाटकापासनं तर निघाली!"

"हो ना. गोल आहे."

नागूबायनं मागं बघितलं, पुढं बघितलं. पाय टकटकतच होते. मग म्हणाली, "आनि तुम्ही सगळी रोज यावर चालता?"

"रोज. पाऊस असला तरी."

"जायचं कुठं असतं?"

"कुठंच नाही. चालायचं असतं."

"अरे मुडद्या, जायचं कुठंच न्हाय तर घरी निजून का न्हाय राहत?"

अस्वलभाऊंनी इकडं तिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "बायको उठवते हो."

"वजन तरी उतरलं का?"

"उतरलं असतं. पण बाहेर पडलं की समोर जिलेबीवाला बसतो. त्याच्यासमोरून उपाशी जायचं म्हणजे त्याचा अपमान." मग त्यांचं लक्ष तिच्या पोटाकडं गेलं. "तुम्ही अशा अवस्थेत चालताय?"

"म्हनून तर चालतेय! मला पानी गाठायचंय बाबा. दुपारच्या आत. न्हायतर ही पोरं पोटातच मरतील."

अस्वलभाऊ मनानं चांगले होते. ते म्हणाले, "पुढं वळणावर काच आहे. तिथून पाणी दिसतं." जाता येतं असं काही ते म्हणाले नाहीत. पण ज्याला निकड असते त्याला 'दिसतं' एवढंही पुष्कळ होतं. नागूबाय आठही पाय उचलून सुटली. टकटकटकटक. दोन सशांना आडवं केलं. हरणीताईंच्या पायांखालून गेली. त्यांचा फोन पडला.

वळणावर खरंच काच होती. वाटेला लागून उंच, सरळ, गुळगुळीत भिंतच काचेची. वर लिहिलेलं, 'सागरदर्शन'. पलीकडं खाडी. पाणी चढायला लागलं होतं. तपकिरी, फेसाळ, खारं पाणी काचेच्या बुडाशी येऊन थापा मारत होतं. अगदी एवढ्याशा अंतरावर. नागूबायनं काचेवर चढायला पाय लावला आणि सर्रकन खाली आली. पुन्हा लावला. पुन्हा खाली. तिनं नांगीनं काचेवर घाव घातला. काच खणखणली, पण तिला चराही गेला नाही.

पोटाखाली बाळं वळवळत होती. तिला ती कळत होती. एकेक नाही, सगळी.

नागूबाय काचेला पाठ लावून वाटेच्या मधोमध उभी राहिली. थांबली.

तिच्या मागोमाग हत्तीणबाई येत होत्या. हत्तीणबाई म्हणजे प्रातःचालन मंडळाच्या अध्यक्षा. चार गुलाबी बूट, कपाळावर मोठा टिळा, सोंडेत पाण्याची बाटली. राज्यातल्या सगळ्यात वजनी बाई त्याच. त्या रोज चालायच्या आणि रोज त्यांचे गुडघे दुखायचे. डॉक्टर म्हणायचे, आणखी चाला.

"मावशी, चला पुढं," हत्तीणबाई म्हणाल्या. "वाटेत उभं राहायचं नाही."

"मावशी कुनाला म्हनते गो? नागूबाय नाव हाय माझं. तुझी आई आनि मी काय एका चिखलात लोळलो व्हतो?"

"मी अगदी सभ्य भाषेत सांगतेय."

"सांग की. मी न्हाय हलत. हलून हलून पुन्हा त्या टोपीवाल्याकडंच जायचं ना? मला पलीकडं सोड. तुला सोंड हाय. उचल मला आनि टाक पलीकडं."

हत्तीणबाईंनी सोंड मागं घेतली. "ते नियमात बसत नाही. पलीकडचा भाग मंडळाकडं नाही. तुम्ही अर्ज करा. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

"तवर माझी पोरं काय मंडळाच्या नावानं थांबतील?"

"हे बघा, शिस्त म्हणून काही असते. सगळे तुमच्यासारखे मधे उभे राहिले तर?"

"राहू दे की! बघू तरी काय व्हतं!"

हत्तीणबाईही थांबल्या होत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांच्या मागं अस्वलभाऊ थांबले. त्यांच्या मागं रानडुकराचं अख्खं कुटुंब. गेंडेकाका. गव्यांची भजनी मंडळी. आमच्याकडचे प्राणी एक वेळ जेवण सोडतील, पण दुसऱ्याचं भांडण अर्धवट टाकून जाणार नाहीत. पुढचे गोल फिरून मागून येऊन मिळाले. सशांनी कानांतली बोंडं काढली. वाघ झाडामागून उठून आला, शेपटीवरचं घड्याळ तसंच.

"काय झालं? काय झालं?"

"कुणीतरी खेकडी आहे. पलीकडं जायचं म्हणतेय."

"पलीकडं? कशाला?"

"बाळंत व्हायला."

"अहो, मग जाऊ द्या ना बाईला!" हरणीताई म्हणाल्या. मघाशी फोन पडल्यानं त्या रागावल्या होत्या, पण त्यांचीही दोन बाळंतपणं झाली होती.

"जाऊ द्या कसं? आज हिला जाऊ द्या, उद्या कोळंबी येईल," रानडुक्कर म्हणालं.

"आली तर तुझ्या बापाचं काय गेलं?" अस्वलभाऊ एकदम ओरडले. इतकी वर्षं चालून त्यांना एवढा जोर कधी आला नव्हता.

झालं. अर्धे नागूबायच्या बाजूनं, अर्धे शिस्तीच्या बाजूनं, आणि उरलेले फक्त नीट दिसावं म्हणून पुढं पुढं सरकू लागले. गेंडेकाका सरकले. गवे सरकले. सगळ्या राज्याचं वजन त्या एका वळणावर गोळा झालं. मधोमध हत्तीणबाई आणि त्यांच्यासमोर बुचं घातलेली एवढीशी नागूबाय, नांग्या कमरेवर.

"तुला काय वाटतं," नागूबाय म्हणत होती, "गुलाबी बूट घातले म्हंजे तू चिखलातली न्हाईस? तुझी आजी माझ्या आजीच्या चिखलात डुंबायला यायची. डोंगरावरनं उतरून. चार चार तास निघायची न्हाय. आनि तिचे गुडघे दुखायचे न्हाईत, समजलीस!"

"माझ्या आजीवर जायचं नाही!" हत्तीणबाईंनी रागानं पाय आपटला.

तेवढ्यात फाटकाकडून वानर शिट्टी फुंकत धावत आला. तोंड पांढरंफटक.

"गर्दी करू नका! चालत राहा! थांबू नका, थांबू नका! थांबलात तर..."

"थांबलो तर काय?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"ते सांगायला मला मनाई आहे!"

ते त्याला सांगावं लागलंच नाही. हत्तीणबाईंनी दुसरा पाय आपटला आणि खालून आवाज आला. आधी कर्र. मग फुस्स. मग एखाद्या म्हाताऱ्यानं पोटभर जेवून द्यावा तसा लांबलचक ढेकर. फरशा सरकल्या, सळया वाकल्या, पोकळ भराव दबला, आणि ती लाल मऊ वाट सगळ्यांना घेऊन सावकाश खाली बसली. जशी चुलीवरची फुगलेली भाकरी वाफ निघाल्यावर खाली बसते, तशी. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पडायला जागाच नव्हती, इतके दाटीवाटीनं उभे होते.

काच तेवढी उभ्या उभ्या तडकली. आणि तिच्या बुडाखालून, फरशांच्या फटींतून, पाणी वर आलं.

नागूबायनं ते चाखलं. खारट.

तिनं आठही पायांची बुचं भिरकावली. एक वाघाच्या नाकावर बसलं. ती पाण्यात उतरली, पाय रोवले आणि पोटाखालचं झाकण उघडलं. उधाणाचं पाणी आत आलं, बाहेर गेलं, आत आलं. आणि मग धुराचे लोट निघावेत तशी तिची पोरं पाण्यात सुटली. अगणित. डोळ्यांना नीट दिसूही नयेत एवढाली. पाणी त्यांना घेऊन तडकलेल्या काचेतून खाडीकडं गेलं.

सगळा दंगा गप्प झाला. भांडायला आलेलेही पाण्यात वाकून बघू लागले. दगडाच्या पोटातला कोकीळ तेवढा दोनदा ओरडला आणि त्याच्या कर्ण्यात पाणी शिरून तोही बंद पडला.

"गेली," नागूबाय म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. "गेली गो बाय माझी."

मग तिला हत्तीणबाईंची आठवण झाली. हत्तीणबाई पोटापर्यंत काळ्या चिखलात रुतल्या होत्या. टिळा वाहून नाकावर आला होता. तोंडावर असे भाव की आता रडतील की काय.

"लागलं का गो?" नागूबायनं विचारलं.

"नाही," हत्तीणबाई हळूच म्हणाल्या. "अगं... गुडघे दुखायचे थांबले."

त्यांनी सोंडेनं थोडा चिखल पाठीवर टाकून बघितला. मग आणखी थोडा. मग डोळे मिटून आडव्याच झाल्या. ते बघून गेंडेकाकांनी बूट सोडले. रानडुकरांना तर सांगावंच लागलं नाही, शिस्तीच्या बाजूची होती तरी तीच सगळ्यांत पुढं. अस्वलभाऊ पोटावर घसरत आले. हरणीताई काठावर पाय बुडवून बसल्या, फोन बंद करून. त्या जंगलात पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं.

बातमी लागताच प्रधान कोल्होबा धावत आले. काठावर उभे राहून गरजले, "राजवन कुणी मोडलं? महाराजांना नाव पाहिजे! कोण आहे ती खेकडी?"

सगळे चिखलातून नागूबायकडं बघू लागले. ती नांग्या उघडून उभी राहिली. एवढ्या जणांसमोर पळ काढायची तिची तयारी नव्हती.

"खेकडीचा काय संबंध?" आडव्या पडलेल्या हत्तीणबाई म्हणाल्या. एक डोळा उघडला. "पाय मी आपटला. वजन माझं आहे. महाराजांना माझं नाव सांगा. आणि येताना घरून माझा टॉवेल घेऊन या."

कोल्होबांनी मनात हिशोब केला. अध्यक्षांना शिक्षा करायची तर सगळ्या मंडळाला करावी लागणार. मंडळात स्वतः राणीसाहेब होत्या. आणि नीट बघितलं तर त्या कोपऱ्यात नाकापर्यंत चिखलात होत्या. कोल्होबांनी घसा साफ केला. "अच्छा, अच्छा. म्हणजे महाराजांनी योजलं होतं तसंच झालं म्हणायचं," ते म्हणाले, आणि संध्याकाळी दवंडी पिटली की महाराजांनी प्रजेच्या गुडघ्यांसाठी खास चिखल निर्माण केला आहे. महाराजांनाही ते ऐकून आनंद झाला. आपण इतके हुशार आहोत हे त्यांना प्रधानांकडूनच कळायचं.

उधाण उतरायला लागलं तशी नागूबाय काचेच्या फटीशी गेली. तिला खाडीत जाऊन पोट भरायचं होतं. बाळंतिणीला भूक लागतेच.

"नागूबाय!" मागून हत्तीणबाईंनी हाक मारली. मावशी नाही म्हणाल्या. "पुढच्या वेळी पोटुशी झालीस की येशील ना?"

"येईन की. अजून बराच भराव शिल्लक हाय. पलीकडच्या वळणावर उभं राहून भांडू."

"नक्की?"

"नक्की. पन तू तवर ते चालनं सोड हां," नागूबाय काचेतून आडवी बाहेर पडता पडता म्हणाली. "चांगलं जेव. अंगावरचं तसूभरसुद्धा कमी झालेलं मला चालायचं न्हाय."

तात्पर्य: भांडू नये, वाटेत उभं राहू नये, शिस्तीनं पुढं चालावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. शिकवू द्या, मान हलवा. पण भांडायची वेळ आलीच तर भर रस्त्यात, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात भांडावं. फक्त आधी दोन गोष्टी बघून घ्याव्यात: पायाखालची जमीन भरावाची असावी, आणि समोरची बाई चांगली खात्यापित्या घरची असावी.